काट्यावर सगळे बसले, तरी ट्रेलर हेलकावला : टंग वेट आणि हिच यांच्या मेळाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण टेक्सास राज्यातील डॅलसच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे आहे. कुटुंबप्रमुखाला येथे अजित म्हणू. ते त्याचे खरे नाव नाही. ट्रक आणि ट्रेलर कोणत्या कंपनीचे होते हेही मुद्दाम सांगितलेले नाही, कारण जे घडले ते कोणत्याही कंपनीच्या गाडीबाबत घडू शकले असते. मी त्याच परिसरात राहणारा मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि स्वतः ट्रेलर ओढत असल्यामुळे ओळखीची मंडळी अशा बाबतीत मला विचारतात. या प्रकरणातल्या एका चुकीत माझाही वाटा होता. तो ओघात येईलच.

अजितकडे चार दारांचा हाफ-टन, म्हणजे हलक्या श्रेणीतला, पिकअप ट्रक होता. जाहिरातीत आणि कागदपत्रांत त्याची ओढण्याची क्षमता ११,००० पौंड दिली होती. त्याच्या भरवशावर त्याने २९ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. मागच्या टोकाला मुलांसाठी दुमजली बंक, मध्ये स्वयंपाकघर, पुढे झोपण्याची खोली आणि तिच्या खाली आरपार जाणारा सामानाचा कप्पा, अशी त्याची रचना होती. माहितीपत्रकात कोरडे, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचे, वजन ६,१५० पौंड आणि हिचवरचा, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावरचा, भार ६४० पौंड छापलेला होता. अकरा हजारांपुढे सहा हजार म्हणजे निम्म्याला थोडे वर, असा हिशेब त्याने केला, विक्रेत्यानेही मान डोलावली, आणि ट्रेलरसोबत २ ५/१६ इंची बॉल, म्हणजे ट्रेलरचा दांडा ज्यावर बसतो तो लोखंडी गोळा, व त्याला धरणारा एक साधा बॉल माउंट बसवून दिला. प्रवासी पाच होते : अजित, त्याची पत्नी, अकरा आणि आठ वर्षांची दोन मुले, आणि कराडजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आलेली त्याची आई. उन्हाळ्यात सर्वांनी मिळून कोलोरॅडोला जायचे ठरले होते.

टंग वेट म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा हिचच्या बॉलवर जेवढा भार खाली टाकतो तेवढा. बैलगाडी पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावावी लागत नाही. गाडीत पोती पुढे रचली तर जू बैलांच्या मानेवर जड पडते; मागे रचली तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. चांगला गाडीवान दोन्ही टाळतो, पण दोहोंपैकी एक पत्करायचेच झाले तर तो थोडा भार मानेवर घेतो. ट्रॅव्हल ट्रेलरचा नियमही तोच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर ट्रेलरचे मागचे टोक वेगात डावी-उजवीकडे झुलू लागते, आणि जास्त पडला तर ट्रकची मागची बाजू बसते व पुढची चाके हलकी होतात.

(युरोपातल्या वाचकांना हे प्रमाण फार वाटेल. जर्मनीत कारच्या हिचला बहुधा ७५ ते १०० किलोच भार चालतो. पण तेथे कॅरॅव्हॅन ओढताना वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि वेगळी परवानगी असेल तर १०० आहे. टेक्सासच्या मोकळ्या हायवेवर ताशी ६५ मैल म्हणजे १०५ किलोमीटरने जाणाऱ्या उंच, लांब ट्रेलरला तो हिशेब लावता येत नाही.)

अडचण

पहिली सहल उत्तरेकडच्या लेक टेक्सोमापर्यंतची होती. अंतर थोडे होते, पण निघतानाच ट्रकचे ढुंगण खाली बसलेले आणि नाक वर, हे गल्लीतल्या पोरांनाही दिसत होते. अंधार पडल्यावर समोरून येणारे चालक पुन्हा पुन्हा दिवे मारून खुणावू लागले, कारण अजितचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात होते. स्टिअरिंग फार हलके लागत होते. उसाने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढावर पुढची चाके उचलतो, ते दृश्य कराड-सांगली पट्ट्यातल्या माणसाला नवे नाही; फरक एवढाच की ट्रॅक्टर ताशी दहा-पंधरा किलोमीटरने जात असतो.

परतल्यावर अजितने मला फोन केला. मी दुसऱ्या कामात होतो. ट्रकची मागची बाजू बसते एवढे ऐकून मी म्हणालो, "थोडं सामान मागे घे आणि बघ." एवढेच. थोडे म्हणजे किती, कोठून कोठे, आणि कोणत्या मर्यादेच्या पलीकडे जायचे नाही, यातले मी काही सांगितले नाही.

त्याने पुढचा कप्पा पूर्ण रिकामा केला. लेव्हलिंगचे ठोकळे, पाण्याच्या नळ्या, जाड वायर, अवजारांची पेटी, घडीच्या खुर्च्या व टेबल, तांदूळ, पीठ, डाळी आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन, असे सुमारे ३४५ पौंड सामान उचलून मागच्या बंकवर रचले. ट्रक लगेच सरळ दिसू लागला. त्याने मला फोटो पाठवला आणि मी अंगठा दाखवून मोकळा झालो.

दुसरी सहल अमारिलोजवळच्या पालो ड्युरो कॅन्यनची होती. विचिता फॉल्स सोडल्यावर यूएस २८७ हा रस्ता उघड्या माळावरून जातो आणि तेथे आडवा वारा जवळपास नेहमीचाच असतो. उतार अगदी किंचित होता आणि वेग ताशी ६५ मैल. डावीकडून एक मोठा मालवाहू ट्रक पुढे गेला, तेव्हा त्याच्यापुढच्या हवेने ट्रेलर आधी बाहेर ढकलला गेला आणि मग आत ओढला गेला. एरवी हा धक्का एका हेलकाव्यात संपतो. या वेळी दुसरा हेलकावा पहिल्याहून मोठा आला आणि तिसरा त्याहून मोठा. आरशात ट्रेलरची एक बाजू दिसायची, नाहीशी व्हायची, मग दुसरी दिसायची. अजितने ब्रेक मारला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पाचव्या-सहाव्या हेलकाव्यानंतर वेग पन्नासच्या खाली आला आणि ट्रेलर शांत झाला. ट्रकमध्ये ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर होता. त्याचा हाताने दाबायचा खटका वापरला असता तर ट्रेलर मागून ताणला जाऊन लवकर सरळ झाला असता, पण तो खटका कोठे आहे हे त्याला गाडी थांबवल्यावर आठवले.

रस्त्याच्या कडेला उभे असताना मागच्या सीटवरून आईने विचारले, "गाडी उलाळ झाली का रे?" निदान पूर्ण अचूक होते. अजितने ते मला हसत सांगितले, पण त्या दिवशी तो पुढे गेला नाही. ताशी ४५ मैलांच्या वर न जाता तो घरी परतला.

वजनकाट्यावर काय दिसले

पुढच्या शनिवारी आम्ही हायवेवरच्या ट्रक स्टॉपवरील कॅट स्केलवर गेलो. मालवाहू ट्रकांसाठीच्या या काट्याला वेगवेगळे फलाट असतात. ट्रकची पुढची चाके एकावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची चाके तिसऱ्यावर उभी केली की तिन्ही वजने एका पावतीवर मिळतात. सगळे कुटुंब गाडीत बसलेले, टाकी भरलेली आणि हौद्यातले २२० पौंड सामान जागच्या जागी ठेवून तीन वजने केली.

ट्रेलर सोडून एकटा ट्रक : पुढे ३,४४०, मागे २,८४०, एकूण ६,२८० पौंड.

हेलकावे बसले त्या दिवशीच्या मांडणीत, म्हणजे सामान मागे : ट्रकची पुढची चाके ३,१८०, मागची ३,७००, ट्रेलरची चाके ६,७४०.

पहिल्या सहलीच्या मांडणीत, म्हणजे सामान पुन्हा पुढच्या कप्प्यात : पुढची २,९८०, मागची ४,३२०, ट्रेलर ६,३२०.

बॉल माउंटचे स्वतःचे ४० पौंड वजा करून हिशेब केला, तर पुढे भरलेल्या मांडणीत टंग वेट ९८० पौंड, म्हणजे सुमारे ४४५ किलो निघते. ७,३०० पौंडांच्या भरलेल्या ट्रेलरच्या ते १३.४ टक्के होते. मागे भरलेल्या मांडणीत तेच ५६० पौंड, म्हणजे ७.७ टक्के. एवढा फरक कसा पडला, तर ३४५ पौंड सामान सुमारे २२ फूट मागे सरकले, आणि बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर १८ फूट आहे. ३४५ गुणिले २२ भागिले १८ केले की ४२० पौंड येतात. तरफेचा शाळेतला नियम यापेक्षा वेगळे काही सांगत नाही.

यानंतर गाडीवरची लेबले वाचली. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या-पांढऱ्या लेबलावर प्रवासी आणि सामान मिळून १,५४० पौंडांची मर्यादा होती. शेजारच्या दुसऱ्या लेबलावर ट्रकचे एकूण कमाल वजन ७,००० आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा ४,१०० पौंड होती. हिचचे लेबल बंपरखाली असते. मी पाठीवर आडवा होऊन, चिखल अंगठ्याने पुसून मोबाइलच्या उजेडात ते वाचले. त्यावर दोन ओळी होत्या. साध्या बॉलवर : ट्रेलर ५,०००, टंग ५०० पौंड. वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावून : ट्रेलर ११,०००, टंग १,१०० पौंड. विक्रेत्याने दिलेल्या बॉल माउंटवर टंगसाठी ७५० पौंडांचा ठसा होता, पण त्याला अर्थ नव्हता, कारण साखळीतल्या सर्वांत कमी आकड्याचीच आज्ञा चालते, आणि तो ५०० होता.

म्हणजे पहिल्या सहलीत अजितने ५०० पौंडांच्या सोयीवर ९८० पौंड टांगले होते. मागचा ॲक्सल २२० पौंडांनी आणि एकूण ट्रक ३०० पौंडांनी मर्यादेबाहेर होता, आणि पुढच्या चाकांवरचा ४६० पौंड भार नाहीसा झाला होता. या प्रकरणातली सर्वांत बोधक पावती मात्र मागे भरलेल्या मांडणीची. तिच्यात ट्रकचे एकूण वजन ६,८८० पौंड, मर्यादेच्या आत. मागचा ॲक्सल आत, ट्रेलरचे ॲक्सल आत. हिचवरचे टंग वेट ५०० ऐवजी ५६०, म्हणजे जेमतेम बाहेर. साध्या बॉलवरची ५,००० पौंडांची ट्रेलरची मर्यादा मात्र दोन्ही मांडण्यांत ओलांडलेली होती. फक्त ट्रक, ॲक्सल आणि टंग यांचे आकडे लेबलांशी ताडून पाहणाऱ्याने ही मांडणी जवळजवळ बिनचूक ठरवली असती, आणि ट्रेलर उलटायला आला होता तो नेमका याच मांडणीत. टंग वेटची खालची मर्यादा कोणत्याही लेबलावर छापलेली नसते. अजितने, आणि माझ्या सल्ल्याने मीही, हिचच्या क्षमतेला साजेसे टंग वेट खाली ओढले होते. करायला हवे होते ते उलट : ट्रेलरला स्थिर राहण्यासाठी जेवढे टंग वेट लागते तेवढे आधी मान्य करायचे आणि मग ते पेलणारी हिच व ट्रक शोधायचा.

अकरा हजारांच्या आकड्याचे काय, असे अजितने तेथेच विचारले. अमेरिकेत ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेचे जे२८०७ हे मानक वापरतात. ते २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसे आणि ट्रेलरच्या १० टक्के टंग वेट धरलेले असते. अजितच्या ट्रकचा हिशेब त्यात चोख बसतो : १,१०० अधिक ३००, म्हणजे १,४००. पण दोघांऐवजी पाच जण, हौद्यात सामान आणि १३ टक्के टंग वेट धरले की १,५४० पौंड ट्रेलर अकरा हजारांच्या आसपास पोचण्याच्या फार आधी संपतात. जाहिरातीतला आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्या कोणत्या तरी सडाफटिंग कुटुंबाचा होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अजितच्या एका सहकाऱ्याने सुचवला होता : सामान मागेच राहू द्या आणि हेलकावे रोखणारा घर्षणाचा दांडा बसवा. मी तो लगेच नाकारला. तो दांडा चांगल्या भरलेल्या ट्रेलरची उरलीसुरली चुळबुळ कमी करतो. चुकीची भरणी तो झाकतो, आणि झाकलेली चूक ओल्या रस्त्यावर किंवा जोरदार वाऱ्यात उघडी पडते.

दुसरा पर्याय मागच्या स्प्रिंगना हवेच्या पिशव्या लावण्याचा. हा स्वस्त आणि दिसायला समाधानकारक आहे, कारण ट्रक सरळ उभा राहतो. पण पिशव्या मागची बाजू फक्त उचलून धरतात. पुढच्या चाकांवरून गेलेले ४६० पौंड त्या परत आणत नाहीत, आणि लेबलावरची एकही मर्यादा वाढवत नाहीत. याच्यावर बराच वेळ चर्चा झाली, कारण सरळ दिसणारा ट्रक सुरक्षित वाटतो, आणि हे वाटणे मोडायला मला पावती पुन्हा दाखवावी लागली.

तिसरा पर्याय वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा. यात बॉलच्या डोक्यातून दोन ताठ स्प्रिंग बार निघून ट्रेलरच्या दांड्याखाली मागे जातात आणि साखळ्यांनी वर ताणले जातात. ढकलगाडीचे मागचे दांडे वर उचलले की पुढच्या चाकावर भार जातो, तसे हे बार ट्रकच्या मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलवर ढकलतात. ट्रकच्या पुस्तिकेतही ५,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ही हिच आवश्यक असल्याचे लिहिले होते. अडचण एवढीच की तिचे स्वतःचे वजन ८० पौंड होते, आणि वजनाची मूळची ओढाताण तिने आपोआप मिटणार नव्हती.

चौथा पर्याय थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे एक पायरी वरच्या व जास्त भार पेलणाऱ्या ट्रकचा, आणि पाचवा हलक्या ट्रेलरचा. तांत्रिकदृष्ट्या चौथा सर्वांत स्वच्छ होता. पण ट्रकचे हप्ते चालू होते, आणि नवा ट्रेलर काही आठवड्यांत विकायचा तर मोठा तोटा होता. आईचा व्हिसा संपण्याआधी कोलोरॅडो व्हायला हवे, हेही कारण होते, आणि ते मी कमी महत्त्वाचे मानत नाही.

निर्णय असा झाला : तिसरा पर्याय घ्यायचा, पण एका अटीवर. भरणी बदलून टंग वेट सुमारे १२ टक्क्यांवर आणायचे, आणि काट्यावर ट्रक ७,००० च्या आत आला नाही तर त्या वर्षी कोलोरॅडोला ट्रेलर न्यायचा नाही. ही अट अजितच्या पत्नीने घातली होती. आम्ही दोघे बोल्टच्या मापांत गुंतलो असताना "आणि नाही बसलं तर?" हा प्रश्न तिने विचारला.

प्रत्यक्ष केलेली कामे

आधी भरणी हाती घेतली. ट्रेलरची ४० गॅलनची पाण्याची टाकी ॲक्सलच्या सुमारे ३ फूट पुढे होती. भरलेल्या टाकीत ३३० पौंडांच्या वर पाणी असते. ते मुक्कामी पोचल्यावर भरायचे ठरले, आणि त्यामुळे टंग वेट सुमारे ५५ पौंडांनी उतरले. तांदूळ, पीठ, डाळी आणि कॅन, एकूण ११५ पौंड, पुढच्या कप्प्यातून काढून बरोबर ॲक्सलच्या वर येणाऱ्या स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटांत ठेवले. त्याने आणखी ८० पौंडांवर उतरले. खुर्च्या, नळ्या, अवजारे पुढच्या कप्प्यातच राहिली. बंकवर अंथरुणाशिवाय काही ठेवायचे नाही, असा नियम झाला. हौद्यातून जळाऊ लाकूड आणि जादा शीतपेटी मिळून १०० पौंड कमी केले. अशा रीतीने ट्रेलर ६,९६० पौंड आणि टंग वेट ८४० पौंड, म्हणजे १२ टक्के झाले.

बार १,००० पौंडांचे निवडले. टंग वेटमध्ये हौद्यातले मागच्या ॲक्सलच्या पलीकडचे सामानही धरायचे असते, म्हणून ८०० चे अपुरे पडले असते. १,२०० चे घेऊन निश्चिंत व्हावे असे अजितला वाटत होते, पण गरजेहून फार ताठ बार प्रत्येक खड्ड्याचा धक्का ट्रकच्या फ्रेमला आणि ट्रेलरच्या दांड्याला देतात.

बसवताना खरे काम फूटपट्टीचे असते. एकटा ट्रक सपाट जमिनीवर उभा करून पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजली आणि फेंडरवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहून ठेवली. ट्रेलर जोडून, बार न ताणता मोजली तेव्हा कमान दीड इंचाहून थोडी अधिक वर गेली होती. बार ताणण्याची युक्ती अशी की ट्रेलरच्या पुढच्या जॅकने ट्रेलर आणि ट्रकची मागची बाजू दोन्ही मिळून वर उचलायची, मग साखळी सहज अडकवता येते. खाली ताण असताना दांडक्याने जबरदस्ती केली तर ते उसळून गुडघ्यावर येते.

पहिल्या प्रयत्नात साखळीच्या सहा कड्या सोडून अडकवली आणि काट्यावर गेलो. बार न ताणता ट्रकचे वजन पुढे ३,०२०, मागे ४,०८० असे ७,१०० आले होते. ताणल्यावर पुढे ३,१००, मागे ३,९४० आले, एकूण ७,०४०. चाळीस पौंड जास्त. अजित म्हणाला, चाळीसच आहेत. मी काही बोललो नाही. त्याच्या पत्नीने पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि आम्ही परत फिरलो.

घरी येऊन बॉलचे डोके दोन वॉशर घालून आणखी मागे कलवले, म्हणजे बार मुळातच जास्त खाली झुकून सुरू होतात आणि त्याच कडीवर जास्त ताण येतो. त्याच दिवशी पुन्हा वजन केले. चोवीस तासांच्या आत दुसरे वजन कमी दरात होते, त्यामुळे घाई करण्यात फायदा होता. पुढे ३,२६०, मागे ३,६८०, ट्रेलरची चाके ६,२८०. ट्रक ६,९४० पौंड. पुढच्या चाकांवरून गेलेल्या ४२० पौंडांपैकी २४० परत आले होते, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक, आणि पुस्तिकेला निम्माच हवा होता. कमान आता पाऊण इंचच वर होती. ट्रक आणि ट्रेलर मिळून बेरीज तिन्ही पावत्यांवर १३,२२० च आली. बार वजन खात नाहीत, फक्त जागा बदलतात, हे अजितला त्या बेरजेवरून पटले.

परिणाम

कोलोरॅडोची सहल झाली. डॅलसहून यूएस २८७ ने अमारिलो, तेथून डॅलहार्ट व क्लेटनमार्गे रॅटन, आणि मग आय-२५ वरील ७,८३४ फूट उंचीची रॅटन खिंड. वेग ६० ते ६२ मैलांच्या वर नेला नाही. माळावर वारा होताच. मोठे ट्रक शेजारून गेले की धक्का जाणवत होता, पण तो एका हेलकाव्यात संपत होता. रात्री कोणी दिवे मारले नाहीत. निघण्याच्या आधी रिकाम्या पार्किंगमध्ये त्याने ट्रेलर ब्रेकचा खटका दहा-बारा वेळा दाबून सवय केली होती. प्रवासात तो वापरावा लागला नाही.

अडचण पूर्ण मिटली नाही, हेही नोंदवले पाहिजे. ट्रकमध्ये उरलेली जागा ६० पौंडांची होती. प्यूब्लोला त्याच्या मित्राने दोन दिवस सोबत येण्याची इच्छा दाखवली, तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीतून यावे लागले. आईने घेतलेली एक जड लोखंडी कढई ट्रेलरच्या कपाटात गेली, हौद्यात नाही. शिवाय हे ६० पौंड बारनी ट्रेलरकडे ढकललेल्या १६० पौंडांवर उभे आहेत. काट्यावर ते खरे आहेत, पण एखाद्या मुक्कामी घाईत साखळी एक कडी सैल अडकली की ट्रक पुन्हा मर्यादेबाहेर जातो. मला स्वतःला असा आधार आवडत नाही, आणि मी तो एका उन्हाळ्यापुरताच मान्य केला होता.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णय विक्रेत्याच्या अंगणात झाला, आणि तेथे कोरडे वजन हाती धरले गेले. कोरड्या वजनात बहुधा भरलेले गॅसचे सिलिंडर, बॅटरी, पाणी आणि सामान नसते. भरलेले दोन छोटे सिलिंडरच सत्तर पौंडांच्या वर असतात आणि ते दांड्यावर, म्हणजे टंग वेटमध्ये सर्वांत जड पडणाऱ्या जागी बसतात. ट्रेलरची छापील कमाल मर्यादा ७,६०० होती. तिचे १३ टक्के धरले असते तर जवळपास हजार पौंडांचे टंग वेट कागदावरच दिसले असते, आणि पाच माणसांच्या वजनासह ते १,५४० मध्ये बसत नाही हे पाच मिनिटांत कळले असते.

दुसरा निर्णय माझा होता. फोनवर ट्रक बसतो असे ऐकल्यावर मी आधी एक प्रश्न विचारायला हवा होता : साध्या बॉलवर ओढतोस की बार आहेत? उत्तर ऐकूनच पुढचे सगळे वेगळे झाले असते. सामान हलवण्याचा सल्ला द्यायचाच होता, तर मागच्या टोकाला नव्हे, ॲक्सलवर, हे चार शब्द पुरेसे होते. आणि त्याचा सरळ उभ्या ट्रकचा फोटो पाहून मी समाधानी व्हायला नको होते; फोटोत ट्रक दिसतो, टंग वेट दिसत नाही.

तिसरी गोष्ट काट्याच्या वेळेची. आम्ही काट्यावर गेलो ते ट्रेलर हेलकावल्यानंतर. विकत घेतल्याच्या आठवड्यात, पूर्ण भरून, कुटुंबासह तीन पावत्या घेतल्या असत्या तर पहिल्या सहलीतच ९८० समोर आले असते.

चौथीबाबत माझे आणि अजितचे एकमत नाही. त्याला वाटते की त्या उन्हाळ्यात ट्रेलर न्यायलाच नको होता. मला वाटते की ६,९४० ची पावती हाती असताना नेणे चूक नव्हते, पण ७,०४० ला निघालो असतो तर ती चूक ठरली असती, आणि त्या दोन पावत्यांमध्ये फक्त दोन वॉशरचे अंतर होते.

आई शरद ऋतूत परत गेली आणि ट्रकमधले १३५ पौंड मोकळे झाले. मुलांनी त्यातले काही वर्षभरात भरून काढले. येत्या उन्हाळ्यात आई आणि बाबा दोघेही येणार आहेत. गेल्या रविवारी अजितबरोबर थ्री-क्वार्टर-टन ट्रक पाहायला गेलो, तेव्हा विक्रेता इंजिनाविषयी सांगत असताना तो प्रत्येक ट्रकच्या चालकाचे दार उघडून चौकटीवरच्या पिवळ्या लेबलाचा फोटो काढत होता. एका ट्रकखाली तो पाठीवर आडवाही झाला.